पुराव्याचं स्टूल

टक्, टक्, टक्! बाटली हलवताच आतली रंग ढवळायची इवलीशी लोखंडी गोळी दुपारच्या शांततेत घणासारखी वाजली. तिने झटकन बाटली ओढणीत गुंडाळली. पलंगावरच्या चार वर्षांच्या लेकीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. म्हणजे अजून अर्धा तास आपला!

"यंदा पहिलं बक्षीस आपलंच!" ती नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली. "लिहून ठेव!"

"कशावर लिहू? घरातला प्रत्येक कागद तू हिरवा केलायस."

खोटं नव्हतं. प्रदर्शनातल्या स्पर्धेसाठी ती बनवत होती ते तळहाताएवढं लढाऊ विमानाचं मॉडेल, त्यात वैमानिकाच्या बसायच्या जागेचं नखाएवढं कॉकपिट. वरची काच चिकटवली की आत डोकावायला टॉर्च आणि भिंग दोन्ही लागायचं. पण त्या नखाएवढ्या जागेसाठी तिने सतरा हिरवे रंग घोटले होते. वह्यांचे पुठ्ठे, आइस्क्रीमच्या काड्या, नवऱ्याच्या ऑफिसच्या फायली, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. परवा तर नवरा डाव्या भुवईला हिरवा पट्टा घेऊनच मीटिंगला गेला होता. साहेबांनी त्याला लवकर घरी सोडलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला!

हा सगळा खटाटोप एका शब्दापायी होता. गेल्या वर्षी प्रदर्शनात परीक्षक काकांनी तिच्या विमानाच्या कार्डावर लिहिलं होतं, 'कॉकपिट : काल्पनिक.'

"काल्पनिक कसं?" ती तेव्हा उसळली होती. "माझे बाबा विमानांच्या कारखान्यात रंगारी होते. आतला रंग हाच! मला झोपवताना रोज सांगायचे, आत बसलं की चहूकडे हिरवंगार, जणू पानात बसलोय."

"पुरावा आणा, बाई," काका म्हणाले होते. "आठवणींना आम्ही गुण देत नाही."

पुरावा होता! बाबांनी कारखान्यातून उरलेला रंग आणून तिच्यासाठी एक स्टूल रंगवलं होतं. बाबा गेले, स्टूल राहिलं. तिने त्याच्याशी रंग जुळवला, ट्यूबलाइटखाली, खिडकीत आणि शेवटी भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तर म्हणाली, "दोन मिनिटं थांबा हो, ढग यायच्या आत जुळवायचाय!"

रविवारी सगळी वरात निघाली. नवऱ्याच्या हातात विमानाचं खोकं, आईच्या कडेवर नात, हिच्या डोक्यावर स्टूल. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका आजींनी "देवासारखी भेटलीस गं!" म्हणत स्टुलावर बैठक मारली ती थेट शेवटच्या थांब्यापर्यंत.

"आजी, तो पुरावा आहे!"

"असू दे गं, मी काही जड नाही."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तिने स्टूल टेबलावर ठेवलं, शेजारी विमान, आणि पहिलवानासारखी दंड थोपटून उभी राहिली. परीक्षक काका आले. आधी टॉर्च लावून कॉकपिट पाहिलं. मग स्टुलाकडे वळले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"हा रंग मी ओळखतो," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं रोज पाहिलाय."

तिने नवऱ्याला असा कोपर मारला की खोकं पडता पडता राहिलं. "बघ!"

"रोज सकाळी अकरा वाजता. आमच्या विमान कारखान्यातल्या संडासाची दारं ह्याच रंगाची होती."

नवरा हसला. तिचं तोंड पाहून त्याने हसण्याचा खोकला केला.

"जुळवलाय मात्र तंतोतंत हो!" काकांनी मनापासून दाद दिली. "संडासाचं दार म्हणून पैकीच्या पैकी!"

"पण बाबा कॉकपिट रंगवायचे..."

"कॉकपिटच्या खात्याचा प्रमुख मी होतो, बाई. आत सगळं करडं. तुमचे वडील म्हणजे कानामागे ब्रश खोचलेले, उंच? ते बाहेरच्या खात्यात. दारं, कठडे, कचऱ्याचे डबे. जमिनीवर एक पिवळी रेघ होती, तिच्या आत यायला पास लागायचा. दरवर्षी अर्ज करायचे. एकदाच आत बसू द्या म्हणायचे, पोरीला सांगायचंय."

"मग?"

"मी नाही म्हणायचो. नियम होता."

ती आईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"होतं," आई पदराने स्टुलावरची धूळ पुसू लागली. "संडासाच्या दारांच्या गोष्टीवर तू झोपली असतीस का गं?"

काकांनी खिशातून पेन काढलं, कार्डावर टेकवलं आणि काहीच न लिहिता परत खिशात ठेवलं. एवढ्यात लेक आजीच्या कडेवरून उतरली, टेबलावर चढली, स्टुलावर ऐटीत बसली आणि दोन्ही हातांनी हवेतलं विमान वळवू लागली. मग मधेच थांबली.

"आई, आजोबांना आत का नाही घेतलं?"

तिने काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते.