टांकसाळीचं अख्खं पाकीट

जळकोटच्या शाळेतले राघवेंद्र मास्तर गुरुवारी संध्याकाळी धाराशिवच्या गाडीत चढता चढता टपालवाल्या बंडप्पाला एक सूचना देऊन गेले, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

"बंडप्पा, मी नाही तोवर कुणाच्या पत्रावर यंदाचं नवं तिकीट दिसलं, तर कोपऱ्यासकट कापून ठेव. उपटू नकोस. उपटलं की पाठ सोलते त्याची."

"न्हाय उपटत. कातर हाय म्याजवळ."

"आणि विचारल्याशिवाय कापायचं नाही. दुसऱ्याची वस्तू आहे."

"इचारतो की! तुमी निवांत जावा, मास्तर."

मास्तर निवांत गेले. बिचारे!

आता हे तिकिटांचं प्रकरण सांगायला हवं. निजामाच्या राज्यात रुपया पाडायचा तो हैदराबादच्या टांकसाळीत, आणि टपालाचं तिकीट छापायचं तेही टांकसाळीतच. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वी मास्तरांच्या कानावर आली आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला. चारमिनारची छाप असलेला हाली रुपया एका हातात, तिकीट दुसऱ्या हातात, असं वर्गात उभं राहून ते पोरांना म्हणायचे, "एकाच घरातली ही दोन लेकरं. एक चांदीचं, एक कागदाचं. पण कोरणाऱ्याचा हात बघा रे, हात!" सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. मला विचाराल तर वेड असावं तर असं असावं. पगार बेताचा, अंगावर सदरा ठिगळाचा, पण वहीत चिकटवलेलं एकेक तिकीट असं जपलेलं की बघणाऱ्यानं आपोआप हात पुसून घ्यावेत. गावाचाही जीव होता त्यांच्यावर. अक्षराची ओळख नसलेली माणसंसुद्धा पत्र वाचून घ्यायला आली की म्हणायची, "मास्तर, कोपरा घ्या कापून तुमचा."

त्यामुळं वही भरली होती ती कोपऱ्यांनीच. त्यावरून धाराशिवच्या हिंमतराव वकिलांनी त्यांना डिवचलं. वकीलही तिकिटं जमवायचे, पण बडं काम. वही चाळून त्यांनी नाकावरचा चष्मा कपाळावर चढवला. "मास्तर, हे नुसते कान आहेत हो! अख्खा माणूस कुठंय? तिकीट, शिक्का, पत्ता, सगळं जागच्या जागी असलेलं एक पाकीट दाखवा, मग तुम्हाला संग्राहक म्हणतो."

हे मास्तरांना फार लागलं. त्यांची लेक चारू हैदराबादला दिलेली, आणि जावई अंबादास टांकसाळीतच कारकून होता. त्याला त्यांनी लिहिलं. उलट टपाली त्याचं उत्तर आलं की टांकसाळीच्या जुन्या दिवसांची आठवण म्हणून आम्ही काही हौशी कारकून वर्गणी काढून चाळीसच पाकिटं छापतो आहोत. डाव्या बाजूला हातोड्यानं नाणं ठोकणारा जुना कारागीर, शेजारी आताचं यंत्र. नवं तिकीट लावून एक तुमच्या पत्त्यावर धाडतो. मास्तरांनी ते उत्तर इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद चिरला. पाकीट शुक्रवारच्या टपालानं यायचं होतं. निजामाच्या राज्यात शुक्रवारी शाळेला सुट्टी, कोर्टालाही सुट्टी, म्हणून पाकीट दाखवायला वकिलांना घेऊन यायला ते स्वतः धाराशिवला गेले.

शुक्रवारी सकाळी मोटारीनं टपाल आलं. पिशवीतलं पहिलंच पाकीट मास्तरांच्या नावाचं आणि त्यावर यंदाचं नवंकोरं तिकीट! बंडप्पा हरखला. दुसऱ्याचं असतं तर विचारावं लागलं असतं, हे तर मास्तरांचंच. मग विचारायचं कुणाला? त्यानं कातर काढली, सफाईनं कोपरा कापला, पागोट्याच्या घडीत जपून खोचला. मास्तरांच्या घराला कडी होती, त्यांच्या पत्नी शामलाबाई विहिरीवर गेलेल्या. पाकीट कडीत अडकवून बंडप्पा पुढच्या वस्त्यांकडं निघून गेला. आपण केवढं मोठं काम केलं, या आनंदात तो रस्ताभर गुणगुणत होता.

शामलाबाई घागर घेऊन आल्या. कडीत पाकीट, आणि पाकिटाला कोपरा नाही. घागर हातातून सुटली.

त्या काळी कुणी गेल्याचं पत्र धाडायचं तर कोपरा फाडून धाडायचे. वाचता न येणाऱ्यालाही दुरूनच कळावं. असलं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं.

घागरीचा आवाज ऐकून शेजारची शिवगंगा धावत आली. "काय झालं वो वैनी?"

"कोपरा बघ गं! जावईबापूंचं अक्षर आहे, हैदराबादहून आलंय."

"अगं बाई! चारूताईचं तर न्हाय न्हवं?"

"शुभ बोल! चारूचं काही असतं तर तार आली असती." शामलाबाईंनी छातीवर हात धरला. "चारूच्या सासूबाई. उमाबाई! दम्यानं हैराण आहेत म्हणून कळवलं होतं मागं. गेल्या गं, विहीणबाई गेल्या!"

"पण उघडून बगा तरी!"

"मला पोथीपुरतं येतं वाचायला. जावईबापूंचं मोडी कोण लावणार? हे यायचे दुपारी. तोवर असलं पत्र दारात ठेवू व्हय?"

एवढं बोलून त्यांनी पाकिटाचे चार तुकडे केले, उकिरड्याच्या कडेला टाकले, चूल विझवली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. शिवगंगेनंही घेतलं. तासाभरात अंगणात गल्ली गोळा झाली. कुणी पिठलं आणलं, कुणी भाकरी.

खरी गंमत पुढंच आहे. या दोन विहिणींचं सहा वर्षं वाकडं होतं. चारूच्या लग्नात उमाबाई भर पंगतीत म्हणाल्या होत्या, "तूप गार आहे." शामलाबाईंचं म्हणणं, तूप कढत होतं. सहा वर्षं त्या हे प्रत्येकाला शपथेवर सांगत आल्या होत्या. पण माणूस गेलं की सगळं पातळ होतं. ओल्या केसांनी ओसरीवर बसून त्या आता डोळे पुसत होत्या.

"तूप गारच होतं हो! मीच हट्टी. खरं बोलणारी बाई होती. माझ्या चारूला सहा वर्षांत कधी वावगा शब्द नाही. दोन बाळंतपणं स्वतःच्या हातानं केली. अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, आणि मी एकदा गोड बोलले नाही तिच्याशी!"

आणि हे सगळं खरं होतं बरं का.

दुपारी मास्तर आणि हिंमतराव वकील गाडीतून उतरले. गल्लीत शिरले तर दारात माणसं.

"अहो, उमाबाई गेल्या हो!" शामलाबाईंनी हंबरडा फोडला.

"कधी? कुणी सांगितलं?"

"पत्र आलं ना सकाळी. कोपरा फाडलेलं!"

"कोपरा?" मास्तर जागीच थांबले. "कुठंय पत्र?"

"फाडलं मी. उकिरड्यावर आहे."

मास्तर धावले. चारही तुकडे हातात घेतले. एकावर नाणं ठोकणाऱ्या कारागिराचा हातोडा, दुसऱ्यावर त्याचं धड. यंत्राचे दोन भाग झालेले. तिकीट नाहीच! मास्तर तिथंच खाली बसले आणि त्यांनी असा गळा काढला की बायकांचं रडणं थांबलं.

"काय माया हो विहिणीवर!" शिवगंगा पदर तोंडाला लावून म्हणाली. "सख्खा भाऊ रडायचा न्हाय असा."

"धीर धरा, मास्तर," वकील पाठीवर हात फिरवत म्हणाले. "वय झालं होतं त्यांचं."

"वय कसलं, वकीलसाहेब! नवीन होतं हो! कोरं करकरीत होतं!"

वकिलांना वाटलं, दुःखानं मास्तरांचं डोकं फिरलं.

तेवढ्यात हैदराबादकडनं येणारी मोटार फाट्यावर थांबली. एक ठेंगणी, ठसठशीत बाई ट्रंक घेऊन उतरली आणि धापा टाकत गल्लीत आली. गर्दी बघून दबकली. कडेला शिवगंगा उभी होती, तिला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"मास्तरांची हैदराबादची वीण. लई मोठ्या मनाची बाई म्हनं."

बाईंनी ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. ओसरीवर शामलाबाईंचं चालूच होतं. तुपाचं झालं, बाळंतपणाचं झालं, पुन्हा तुपाचं झालं. ऐकता ऐकता ट्रंकेवरच्या बाईंचे डोळे वाहू लागले. शेवटी त्यांना हुंदका आवरेना. नवा हुंदका कुणाचा म्हणून शामलाबाईंनी मान वर केली.

"अगं आई गं!"

"भिऊ नका, विहीणबाई," उमाबाई नाक पुसत म्हणाल्या. "मीच आहे. मेले नाही अजून. तुम्ही थांबू नका, छान चाललंय."

अंगणात एकच गोंधळ उडाला. कुणी रामराम म्हणत पळालं, कुणी पिठल्याचं भांडं उचलून घराकडं नेऊ लागलं. वकील कामाचा माणूस, त्यांनी पत्राचे तुकडे जुळवून मोठ्यानं वाचलं, "आई शुक्रवारी दुपारच्या गाडीने आपल्याकडे येत आहे. तुळजापूरचे दर्शन करवावे. पाकीट जपावे, माझ्या वाट्याला दोनच आली."

त्याच वेळी बंडप्पा हसत हसत आला आणि पागोट्यातून कोपरा काढून मास्तरांपुढं धरला. "मास्तर, घ्या! पाठ सोलली न्हाय. इचारायचं हुतं, पर तुमचंच पाकीट, तुमी न्हाय घरी. मग कुनाला इचारू?"

सूचना मास्तरांचीच, आणि बंडप्पानं ती तंतोतंत पाळलेली. त्यांनी कोपरा घेतला आणि म्हणाले, "छान कापलास, बाबा." हा मोठेपणा मला तरी जमला नसता. मग ते वकिलांकडं वळले. "वकीलसाहेब, हरलो. आमच्या नशिबी कानच."

"पण दोन पाकिटं म्हणतोय जावई," वकील म्हणाले. "दुसरं कुठंय?"

"ते माझ्याकडं आहे की," उमाबाई म्हणाल्या. ट्रंकेतून रुमालात गुंडाळलेलं पाकीट त्यांनी काढलं. "पोचल्याचं पत्र धाड म्हणून अंबादासनं तिकीट लावून, टपालात हौसेनं शिक्का मारून घेऊन, पत्ता घालून दिलंय. नुसतं लिहायचं आणि हैदराबादला जाणाऱ्या कुणाच्या हाती द्यायचं."

मास्तर पुढं झाले. अख्खं होतं! चारही कोपरे जागेवर, कारागिराचा हातोडा जागेवर, यंत्राचं चाक न् चाक दिसत होतं. आधी त्यांनी हात धोतराला पुसले, मग जोडले. "विहीणबाई, पोचल्याचं मी कार्डावर लिहितो. दहा कार्डं लिहितो. हे मला द्या."

उमाबाईंनी पाकीट छातीशी धरलं. "देते. पण विहीणबाईंनी ते तुपाचं पुन्हा एकदा म्हणावं. माझ्या तोंडावर."

शामलाबाईंचं तोंड लाल झालं. मेलेल्या बाईला म्हणणं वेगळं आणि समोर ट्रंकेवर बसलेल्या बाईला म्हणणं वेगळं. सहा वर्षांच्या शपथा होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. ठिगळाच्या सदऱ्यातला तो माणूस हात जोडून उभा होता, आणि बारा वर्षांत त्यानं स्वतःसाठी मागितलेली ही एकच वस्तू होती.

"गार होतं," शामलाबाई म्हणाल्या. "तूप गार होतं, विहीणबाई. आणि बाकीचं बोलले तेही खोटं नव्हतं."

उमाबाईंनी पाकीट मास्तरांच्या हातात दिलं आणि उकिरड्यावरचे ते चार तुकडे मात्र स्वतःच्या रुमालात बांधून घेतले. "हे माझं. माझ्यामागं लोक काय म्हणतील ते मला जितेपणी ऐकवलंय यानं."

हिंमतरावांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, चष्मा उतरवला आणि मास्तरांना वाकून नमस्कार केला. "संग्राहक," एवढंच म्हणाले.

शामलाबाई आत गेल्या, चूल पेटवली, वरणभाताचं पान वाढलं आणि तुपाचं भांडं चुलीवरनं थेट पंगतीत आणलं. उमाबाईंनी पहिला घास घेतला. जीभ चांगलीच पोळली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"बेताचं आहे हो, विहीणबाई," त्या म्हणाल्या, आणि गपचूप पाण्याचा तांब्या पुढं ओढला.