कोठीघराची किल्ली

स्वयंपाकीण आणि ड्रायव्हर यांचं रोज अकराच्या ठोक्याला भांडण व्हायचं. व्हायचं कसलं, ठरवून करायचे. गेल्या वर्षी माळ्याने धुणंवालीशी लग्न केलं, दोघांनी दुकान टाकलं आणि बाईसाहेबांना महिनाभर स्वतः कपडे धुवावे लागले. तेव्हापासून नियमच झाला: घरात कुणाचं सूत जुळलेलं दिसलं की दोघांनाही नारळ. आणि या दोघांचं तर चांगलं दीड वर्ष जुळलेलं! नोकरी गेली तर संसार थाटायचा कशावर?

"भाजीत मीठ कुठाय?" ड्रायव्हर ओरडायचा.

"चाट मूठभर! आलाय मोठा!" असं म्हणत ती त्याला हळूच जास्त वाढायची.

सोमवारी मात्र ड्रायव्हरला भलताच चेव आला. त्याने झारा असा काही आपटला, की बाईसाहेबांच्या आईने दिलेल्या बरणीचे तुकडे झाले.

"बस्स!" बाईसाहेब दारात उभ्या. "दोघांपैकी एक आजच्या आज जाणार. बाई, तूच नीघ."

साहेब पेपर टाकून धावले. "हिला काढलंस तर मी जेवू काय? त्याला काढ."

"आणि गाडी कोण चालवणार? तुम्ही? फाटक पाडलंत ते विसरलात?"

कुणालाच काढता येईना. मग बाईसाहेबांनी तोड काढली. "चला कोठीघरात! गोडीने बोलायला लागेपर्यंत रोज तासभर कोंडणार."

तासभर! दीड वर्षात त्यांना सलग पाच मिनिटं मिळाली नव्हती. पोत्यांवर बसून त्यांनी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला. अधूनमधून ती डबा आपटायची, तो "गप्प बस!" म्हणून ओरडायचा.

"अजून खोड जिरली नाही," बाहेर बाईसाहेब म्हणायच्या. "उद्या पुन्हा."

आठव्या दिवशी तीच म्हणाली, "पुरे झालं रे चोरून." दोघं हसत बाहेर आले.

बाईसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. "बघा माझी मात्रा! आता हे टिकायला हवं. लग्नच करून टाका तुम्ही. मागची खोली देते, फक्त नोकरी सोडायची नाही."

"तुमच्या शब्दाबाहेर मी कशी जाईन, बाईसाहेब?" स्वयंपाकीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"लग्नाने भांडण मिटतं?" साहेब खो-खो हसले. "तीस वर्षांच्या संसारात मला हे कुणी सांगितलं नाही!"

"म्हणजे मी भांडते? या इकडे, दाखवते कशी माणसं सुधारली मी!" बाईसाहेबांनी त्यांना हाताला धरून कोठीघरात नेलं. आत दोघांची चांगलीच जुंपली.

किल्ली दारालाच होती. स्वयंपाकिणीने अदबीने दार ओढलं आणि किल्ली फिरवली.

"गोडीने बोलायला लागलात की हाक मारा हं, बाईसाहेब."

आत आरडाओरडा झाला. मग नुसती कुजबुज. मग एक डबा दाणकन आपटला आणि पाठोपाठ बाईसाहेबांचं दाबलेलं हसू ऐकू आलं.

"तासभर तरी लागेल," ती ड्रायव्हरला म्हणाली. "बस, जेवून घे."