साहेबाच्या गाडीचा रंग

गुरुवारी दुपारी तवनाप्पा हुपरे अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. बायको जैन बस्तीत पूजेला गेली आहे याची त्यांनी खात्री करून घेतली, मागच्या सोप्यात स्टोव्ह पेटवला आणि त्यावर जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक मोठं पातेलं चढवलं. पातेल्यातल्या पाण्यात कास्टिक सोडा होता. शेजारी वर्तमानपत्रावर आगगाडीचे तीन डबे रांगेनं उभे होते.

डबे वीतभर लांबीचे, खेळण्यातले होते, पण हुपऱ्यांच्या घरात त्यांना कुणी खेळणं म्हणत नसे. तवनाप्पांचे वडील बाबगोंडा, घरातले आप्पा, मिरज लाइनवर गार्ड होते. त्यांच्या कामावर खूश होऊन एक इंग्रज इंजिनिअर विलायतेला परत जाताना ही गाडी त्यांना देऊन गेला, असं ते सांगत. इंजिन मात्र साहेबानं आठवण म्हणून स्वतःकडं ठेवून घेतलं होतं. दिवाळीत गाडी फडताळातून खाली यायची. तवनाप्पा आणि धाकटा जयपाल दोघांनी हात धुऊन मगच तिला शिवायचं, आणि पाडवा झाला की ती पुन्हा वर जायची.

वडील गेल्यावर भावांनी रुकडीचं रान वाटून घेतलं, घर वाटून घेतलं, कुणाचा आवाज चढला नाही. गाडीपाशी मात्र अडलं. थोरला म्हणून ती आपली, असं तवनाप्पांचं म्हणणं. शेवटची दोन वर्षं आप्पांचं सगळं आपण केलं, असं जयपालचं. शेवटी मामांनी मध्ये पडून सहा डब्यांचे तीन-तीन केले. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. जयपाल राजारामपुरीत राहायला गेला आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर झाला. नऊ वर्षांत तो रस्त्यात समोरून आला की तवनाप्पा दुकानाच्या पाट्या वाचू लागत.

तवनाप्पा ज्या हायस्कुलात हेडक्लार्क होते, तिथं येत्या रविवारी प्रदर्शन होतं. मिरजेहून मोठ्या रुळाची गाडी येऊ लागल्याला दोनेक वर्षं झाली होती आणि गावात अजून रेल्वेचं कौतुक होतं. हेडमास्तरांनी आपण होऊन गाडी मागितली, आणि यादीत 'विलायती आगगाडी' असं लिहूनही टाकलं. डब्यांचा रंग मात्र पार गेला होता. मूळचा तपकिरी रंग, त्यावर आप्पांनी दर चार वर्षांनी चढवलेले थर, सगळ्याला पोपडे आले होते. जुना रंग काढल्याशिवाय नवा धरणार नव्हता.

उद्यमनगरात लोखंडी पाट्या रंगवणारा कृष्णात त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं उपाय सांगितला, कास्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाका, रंग कातडीगत सोलून येतोय. मात्र लोखंडी घमेलं घ्या, असंही तो म्हणाला होता. तवनाप्पांनी घरी येऊन विचार केला. घमेलं गंजलेलं होतं, आणि विलायती वस्तू गंजात घालणं त्यांना बरं वाटेना. फडताळात वरच्या फळीवर एक जाड, चकचकीत जर्मलचं पातेलं पालथं घातलेलं होतं. त्यांनी ते काढलं. कृष्णातनं दोन मुठी सोडा सांगितला होता. डबे तीन म्हणून तवनाप्पांनी सहा मुठी टाकला.

डबे आत सोडल्यावर थोड्या वेळानं पाण्याला फेस आला. रंग सुटायला लागला असं समजून ते समाधानानं बघत राहिले. मग फेस वर चढू लागला. त्यांनी स्टोव्ह विझवला, तरी पाणी उकळतच होतं. नाकाला झोंबणारी वाफ सोप्यात भरली आणि ते खोकत दाराशी गेले. परत येऊन बघतात तर पातेलं आतून काळंकुट्ट झालेलं, आणि बुडातून काळ्या पाण्याची एक बारीक धार स्टोव्हवर पडत होती. त्यांनी सांडशीनं पातेलं धरून उचललं. काठ सांडशीत आला, पातेलं होतं तिथंच राहिलं.

डबे त्यांनी चिमट्यानं एकेक करून बादलीत टाकले. सोपाभर काळं पाणी झालं होतं. शहाबादी फरशीवर त्याचा ओघळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला, आणि त्याच वेळी पुढचं दार वाजलं.

विजयमाला आत आली. तिनं आधी फरशी बघितली, मग नवऱ्याकडं, मग पातेल्याकडं. पातेल्यावर तिची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"हे कुठनं घेतलासा?"

"फळीवरचं. नवं आणू आपण."

"आपलं न्हवं ते," ती म्हणाली.

तवनाप्पांनी वाकून बघितलं. उरलेल्या अंगावर यंत्रानं कोरलेलं नाव होतं, 'सौ. राजमती जयपाल हुपरे'.

विजयमालानं लपवलं नाही. दोघी जावा दर चतुर्दशीला बस्तीत भेटत होत्या. पापडाला लागलं की पातेलं इकडं येई, पाटा-वरवंटा तिकडं जाई. जयपालच्या मुलीच्या बारशाचं पाळण्याचं गाणंसुद्धा विजयमालानंच म्हटलं होतं. हे सगळं नऊ वर्षं चाललं होतं.

"मला कोण बोललं न्हाई," तवनाप्पा म्हणाले.

"तुमचं भांडान हुतं. आमचं न्हवतं," ती म्हणाली, आणि नवं पातेलं तुम्हीच घेऊन जायचं, राजमतीला तोंड दाखवायला मी जाणार नाही, असं सांगून तिनं खराटा घेतला.

तवनाप्पा डबे धुवायला बसले. रंग खरोखरच कातडीसारखा निघून आला होता. खालून पत्रा दिसू लागला, आणि पत्र्यावर भट्टीत पक्की केलेली पिवळी छापील अक्षरं. पहिल्या डब्यावर 'शुद्ध शेंग' एवढं होतं. दुसऱ्यावर शेंगांच्या वेलाचं चित्र होतं, पण उलटं. तिसऱ्यावर शाहूपुरीतल्या एका जुन्या तेलाच्या दुकानाचा अर्धा पत्ता होता.

साहेबानं तेलाच्या डब्याची गाडी विलायतेहून आणली असण्याचा संभव नव्हता. पण माणूस हेडक्लार्क होता, कागद जुळवायची सवय होती. विचार करता करता त्यांना एक गोष्ट उमगली आणि त्यांचं डोकंच तापलं. साहेबानं डबे तीनच दिले असणार. गाडी आखूड दिसू नये म्हणून आप्पांनी आणखी तीन करून घेतले. आणि वाटणीत खरे तीन जयपालकडं गेले.

तासाभरात ते राजारामपुरीत होते. एका हातात नवं पातेलं, दुसऱ्या हातात डब्यांची पिशवी. दार जयपालनंच उघडलं. फौंड्रीतून नुकताच आलेला दिसत होता, हाताला अजून काळं होतं. तो बाजूला झाला. तवनाप्पांनी पातेलं राजमतीपुढं ठेवलं आणि झालं ते सांगितलं. मग तीन डबे टेबलावर मांडले.

जयपालनं ते बघितले. तो आत गेला आणि आपले तीन घेऊन आला. त्यांच्यावरही रंग नव्हता. एकावर 'दाणा तेल' होतं.

"कवा काढलास रंग?" तवनाप्पांनी विचारलं.

"पाच वर्सं झाली. थिनर लावून."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलत कुठं हुतो आपण?" जयपाल म्हणाला.

राजमतीनं पाणी आणून ठेवलं आणि दिवस बुडायच्या आत जेवून जावा म्हणाली. ते नको म्हणाले नाहीत.

जयपालनं आपल्या एका डब्याचं छपराचं टप हळूच उचकटून उताणं धरलं. आतून पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे होते, लांबी, रुंदी, खिडकीचं अंतर. सातला मधोमध आडवी रेघ होती. असा सात त्या घरात एकच माणूस काढायचा, आप्पा. खाली बारीक अक्षरात होतं, 'थोरल्याला आतली बाजू दाखवू नये, तो फार विचारतो.'

तवनाप्पांनी ते दोनदा वाचलं. मग घाईनं आपल्या तिन्ही डब्यांची टपं काढली. आतला पत्रा आरशासारखा लखलखीत होता. कास्टिकनं एक रेघ ठेवली नव्हती.

आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. तवनाप्पा डबे खाली ठेवायला तयार नव्हते.

"जयपाल, ह्यातला एक मला दे," ते म्हणाले. "बदली माझं तिन्ही घे."

जयपालनं टप जागेवर बसवलं, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले आणि डबा आपल्याकडं ओढून घेतला.

"देत न्हाई," तो म्हणाला. "बघाय येत जा."