असली ऊद

दिनानाथला वाघाचा राग होता. त्या वाघाने त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं. तो पेणच्या कमळाकरच्या, म्हणजे दिनानाथच्या साडूच्या, मोबाइलमध्ये राहत होता. सफारीत टिपलेला तो वाघ कमळाकर रोज सकाळी 'शुभ प्रभात' लिहून तमाम नातेवाइकांना पाठवायचा. शेवटी दिनानाथच्या तोंडून निघून गेलं, "वाघ काय, कोणीपण दाखवंल! रोह्याला या. आमच्या खाडीतला ऊद दाखवतो."

ऊद म्हणजे पाणमांजर. दिनानाथचे आजोबा त्याला ऊद म्हणत, म्हणून धाटावच्या कंपनीतला हा सुपरवायझरही ऐटीत ऊदच म्हणायचा. सरळ पाणमांजर म्हणाला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

पर्यटकांना होडीतून मासेमारीला नेणाऱ्या इलियासला त्याने फोन लावला.

"इलियासभाई, रविवारी मासे पकडू, पण ऊद पायजे हां. पाहुणे खास त्यासाठी येतायत."

"टेन्शन नाय साहेब! आपल्याकडं एक नंबर असतो. लांबूनच वास येतो."

ऊद जिथे बसतो ती जागा वासावरून ओळखतात, हे दिनानाथने कुठेतरी वाचलं होतं. जाणकार माणूस मिळाला म्हणून तो खूश झाला. त्या आठवड्यातला त्याचा आनंद तेवढाच.

रविवारी कमळाकर गळ्यात दुर्बीण आणि डोक्यावर सफारीची टोपी घालून होडीत बसला. दिनानाथची बायको रोहिणी डबा घेऊन आली. खाडीत बगळे दिसले, खंड्या दिसला, तिवरांत कोल्ह्याची शेपटीही दिसली. प्रत्येक वेळी कमळाकर गोड आवाजात विचारायचा, "हाच का हो तुमचा ऊद?" दिनानाथचे कान तापत होते. त्यात कमळाकरच्या गळाला चांगला हातभर जिताडा लागला. दिनानाथचा गळ तिवराच्या मुळात अडकून तुटला.

"इलियास, ऊद कुठाय?" 'इलियासभाई'तला 'भाई' एव्हाना गळून पडला होता.

"आत्ताच? मी जेवणानंतर काढणार होतो, साहेब."

"काढणार? कुठनं काढणार?"

"पेटीत हाय."

"पेटीत कोंडलायस?" दिनानाथ किंचाळला. "सकाळपासनं?"

"मग काय उघडा ठेवू? सगळा वास उडून जाईल ना!"

इलियासने अदबीने पेटी उघडली, धूपदाणीत निखारे फुलवले आणि वर चिमूटभर भुकटी टाकली. होडी धुराने भरली. कमळाकरला ठसका लागला.

"अहो, हा तर लोबान!" रोहिणी म्हणाली.

"लोबान नाय वहिनी, ऊद! असली. भावाने दुबईवरनं धाडलाय. घरवालीने, सकीनाने, सणासाठी ठेवला होता, पण साहेबांचे पाहुणे म्हटल्यावर दिला."

आता मात्र दिनानाथचा तोल गेला. तो होडीत उभा राहिला, काठाकडे पाठ केली आणि सुटला. इलियासला, दुबईला, कमळाकरच्या टोपीला, त्या वाघाला, कोणालाच त्याने सोडलं नाही. "अरे, जनावर सांगितलं होतं, जनावर! धूप नाय! नायच्चे या खाडीत ऊद! सगळे चोर!"

समोरचे तिघे एकदम गप्प झाले. आपला वचक बसला असं वाटून दिनानाथने आवाज आणखी चढवला. रोहिणीने हळूच हात वर केला, तिलाही त्याने गप्प केलं. कमळाकरने मोबाइल रोखला.

"माझा व्हिडिओ काढतोस? काढ! नातेवाइकांना पाठव! शुभ प्रभात लिही!"

"अहो, मागं बघा," रोहिणी कुजबुजली.

दिनानाथने गर्रकन वळून पाहिलं. काठाजवळच्या पाण्यावर चारदोन वर्तुळं उठली होती. होडीच्या कडेला ठेवलेला जिताडाही नव्हता.

"पाणमांजर!" इलियास म्हणाला. "तुम्हाला हे पायजे होतं? मग तसं बोलायचं ना, साहेब. हे तर रोज येतं."

कमळाकरचे डोळे पाणावले होते, धुराने किंवा आनंदाने. त्याने दिनानाथचे दोन्ही हात धरले. "दाखवलात हो, दिनानाथराव! शब्दाला जागलात. वाघ काहीच नाही याच्यापुढे."

होडीत ऊद न पाहिलेला दिनानाथ एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघ निवृत्त झाला. नव्या फोटोत काठावर तोंडात जिताडा धरलेला ऊद होता, आणि पुढे जबडा वासून, हात उगारून दिनानाथ. खाली लिहिलं होतं, 'शुभ प्रभात. रोह्याचा ऊद.'

दुपारपर्यंत फोटो धाटावला पोचला. शिफ्ट बदलताना जनू ऑपरेटरने तो मोठा करून पाहिला आणि मनापासून विचारलं, "साहेब, ह्यातला ऊद कंचा?"