नळ आल्याची हाक

कासार आळीला चोवीस तास पाणी मिळणार ही बातमी आली त्या सोमवारी सकाळी, दीड वर्षापूर्वी वारलेल्या सुलभा वाघचौरे यांनी नेहमीप्रमाणे नळ आल्याची हाक दिली होती आणि आळीने पाणी भरून घेतलं होतं.

सोनवडमध्ये नळ एक दिवसाआड येतो. कधी येतो, ते मात्र टाकीवर बसणाऱ्या माणसालाही सांगता येत नाही. कधी आंघोळीच्या वेळी, कधी लोक जेवायला बसले असताना. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सुटते, तिचा बारीक आवाज होतो. सुलभावहिनींना तो पोळ्या लाटतानाही ऐकू यायचा. पिठाच्या हातानेच त्या उंबऱ्यात यायच्या आणि हाक द्यायच्या. हाकेचा क्रम ठरलेला होता. आधी आळीच्या टोकाचं घर, कारण तिथे नळाला करंगळीएवढीच धार. "मंदाताई, नळ! अत्तारभाभी, नळ!" असं करत करत एकेक घर अलीकडे. शेजारच्या भिंतीपलीकडचं घर झालं की मान आत वळवून, आवाज उतरवून शेवटचं वाक्य, "अहो, बादली सरकवा."

हे वाक्य श्रीधर वाघचौऱ्यांसाठी असे. वाघचौरे एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक, दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायचं त्यांचं काम. एका घरात दोन पुकारणारे म्हणून आळीत चेष्टा चालायची. टोकाच्या घरातल्या मंदाताई क्षीरसागर म्हणायच्या, भाऊंनी पुकारलेली गाडी येईलच असं नाही, वहिनींनी पुकारलेलं पाणी मात्र येतंच. आपल्या घराचा नंबर शेवटी का, असं वाघचौऱ्यांनी एकदा विचारलं होतं. आपण उंबऱ्यातच उभे आहोत, आपल्याला कसली घाई, असं वहिनींचं उत्तर होतं.

वहिनी गेल्यावर त्यांच्या तेराव्याला पानं वाढून झाली होती आणि गुरुजी आपोष्णीसाठी हातात पाणी घेऊन बसले होते, तेव्हा उंबऱ्यातून हाक आली. मंदाताईंपासून सुरुवात, सगळी घरं ओळीने. पंगतीतल्या बायका उठल्या, आपापल्या घरी जाऊन हंडे लावून आल्या आणि पुन्हा पानावर बसल्या. वरण निवलं होतं, ते गरम करून आणलं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा वाघचौरे मोरीत गेले आणि त्यांनी बादली सरकवली. पाणी आलं होतं, ते भरायला हवं होतं, यापलीकडे कोणी काही बोललं नाही. पुढे नळाच्या दिवशी त्या दारात कोणी उभं राहीनासं झालं. पाहुणे आले तर त्यांनाही जरा बाजूला व्हायला सांगत.

नगरपरिषदेचा पाणीपुरवठा विभाग महिन्याभरात पाहणीला आला. अभियंता लोखंडे नळाचे तीन दिवस आळीत बसून राहिले. हाक बिनचूक असल्याचा अहवाल त्यांनी दिला आणि सर्वसाधारण सभेने ती नागरी सुविधा म्हणून मंजूर केली. वाघचौऱ्यांच्या दारावर पत्र्याची पाटी लागली : नगरपरिषद, सोनवड. नळसूचना केंद्र. येथे वाहने लावू नयेत. पाठोपाठ शेजारच्या प्रभागाने अशीच सोय आपल्यालाही मिळावी म्हणून अर्ज केला. कासार आळीच्या नगरसेविका म्हणजे आळीतल्याच अत्तारभाभी. त्यांनी सभेत सांगितलं की आमच्याकडे माणूस तयार होता, तुम्ही तुमचा तयार करा. अर्ज दप्तरी दाखल झाला.

वाघचौरे नळाच्या दिवशी स्टँडवरची पाळी बदलून घेऊ लागले. कारण कोणी विचारलं नाही.

तर त्या सोमवारी दुपारी अत्तारभाभी स्वतः पेढे घेऊन आल्या. नवी टाकी, नवी पाइपलाइन, रात्रंदिवस पाणी. येत्या सभेत ठराव येणार होता. मंदाताईंनी दोन पेढे खाल्ले. गुडघ्यांमुळे त्यांना हंडा उचलवत नव्हता, आणि हे वाघचौऱ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांचा एखादा हंडा तेच पोचवून देत. वाघचौऱ्यांनीही पेढा घेतला. खाल्ला मात्र नाही, खिडकीत ठेवला.

"वहिनींचं काय?" त्यांनी विचारलं.

अत्तारभाभींनी पेढ्यांचा पुडा मिटला. मग म्हणाल्या, "भाऊ, पाणी गेलंच नाही तर येणार कसं? आणि आलं नाही तर वहिनी सांगतील काय?"

नगरपरिषदेलाही हाच प्रश्न पडला होता. लोखंड्यांनी टिपण लिहिलं. चोवीस तास पाणी म्हणजे ते एकदा येईल आणि मग येतच राहील. तेव्हा हाक एकदाच होऊन कायमची थांबेल, किंवा अखंड चालू राहील. अखंड चालू राहिल्यास ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा विचार करावा लागेल. दोन्ही शक्यता धरून हरकती व सूचना मागवाव्यात, असा शेरा मुख्याधिकाऱ्यांनी मारला आणि कार्यालयाच्या भिंतीवर नोटीस लागली.

आळीतून एकच माणूस सुनावणीला गेला. वाघचौरे इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते. मुख्याधिकारी मेघना उपासनी तरुण होत्या, सोनवडमध्ये नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी वाघचौऱ्यांना बसायला सांगितलं, पंखा वाढवायला सांगितला आणि समोरचे कागद नीट पाहिले. लोखंडे बाजूच्या खुर्चीत बसले होते.

आपली हरकत पाण्याला आहे की हाक बंद होण्याला, असं उपासनी मॅडमनी विचारलं. वाघचौरे म्हणाले की पाण्याला हरकत घेणारा माणूस सोनवडमध्ये जन्मायचा आहे. मग मॅडमनी एक जुना कागद वर काढला. सहा वर्षांपूर्वी कासार आळीतल्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन नगरपरिषदेवर मोर्चा आणला होता आणि चोवीस तास पाणी द्या म्हणून निवेदन दिलं होतं.

"पहिली सही सुलभा श्रीधर वाघचौरे," मॅडम म्हणाल्या. "मूळ मागणी त्यांचीच आहे. कार्यालय ती आता पूर्ण करतंय."

"हो. त्या दिवशी हंड्यावर पळी बडवत घोषणा देऊन देऊन आवाज बसला होता तिचा," वाघचौरे म्हणाले. "दोन वेळा हाक मी दिली होती. नावं चुकली माझी. आळीत पाणी वाया गेलं."

लोखंड्यांनी हे टिपून घेतलं.

हरकत नसेल तर सूचना काय, असं मॅडमनी विचारलं. वाघचौऱ्यांची सूचना अशी होती की साऱ्या आळीला नवी लाइन द्यावी, आपलं घर तेवढं जुन्या लाइनवर ठेवावं. एक दिवसाआड पाणी आलं तरी चालेल. लोखंड्यांनी नकारार्थी मान हलवली. जुनी लाइन काढून टाकली जाणार होती. एका घरासाठी जुन्या टाकीत पाणी चढवता येत नाही, आणि चढवलं तरी वाटेत कुठे मुरेल ते सांगता येत नाही.

उपासनी मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं, थोडं वाचलं आणि मिटलं. नव्या लाइनवर प्रत्येक घराला दाराशी एक पितळी कॉक मिळेल, तो घरमालकाने स्वतः उघडायचा, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"तुम्ही कॉक उघडत नाही तोवर तुमच्या घरी नळ आला असं कार्यालय धरत नाही," त्या म्हणाल्या. "कार्यालय धरत नसेल तर तुमच्या घरापुरती हाकही देय होत नाही. यापेक्षा जास्त मला करता येणार नाही, काका."

वाघचौऱ्यांनी याचा विचार केला. मग त्यांनी, यात मुदत असते का, असं विचारलं. मॅडमनी पुन्हा पुस्तक उघडलं. मुदत दिलेली नव्हती.

ठराव एकमताने झाला. उन्हाळा संपायच्या आत आळी खणून झाली, पाइप पडले, खड्डे बुजले, त्यातले काही पुन्हा खचले. एका गुरुवारी सकाळी अत्तारभाभींनी नारळ फोडला. आता हंडे लागणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी निम्म्या बायका हंडे घेऊनच दारात उभ्या होत्या. लोखंड्यांनी चौकातला व्हॉल्व्ह फिरवला. पाइपात हवा सुटल्याचा आवाज झाला. तो या वेळी सगळ्यांनाच ऐकू आला, कारण आळीत कोणी बोलत नव्हतं.

मग वाघचौऱ्यांच्या उंबऱ्यातून हाक आली.

"मंदाताई, नळ!"

मंदाताईंनी नळाखाली हात धरला. धार मनगटाएवढी होती. "आला गं," त्या म्हणाल्या. यापूर्वी त्यांनी हाकेला कधी ओ दिली नव्हती, हंडा घेऊन धावायचीच घाई असे. पुढे अत्तारभाभींचं नाव आलं, त्यांनीही ओ दिली. तशीच एकेक घराची हाक आली आणि एकेक घराने ओ दिली. शेजारच्या भिंतीपर्यंत सारं नेहमीसारखं झालं, आवाजात काही फरक नव्हता. त्यानंतर आळीने वाघचौऱ्यांच्या दाराकडे पाहिलं. वाघचौरे आत, मोरीच्या दाराशी उभे होते. त्यांचा कॉक बंद होता. पुढचं वाक्य आलं नाही. हाक अखंड चालू राहण्याची शक्यता निकाली निघाल्याचं लोखंड्यांनी लिहून घेतलं आणि ते चहाला गेले.

एक दिवसाआडचा दिवस आला, तेव्हा हाक झाली नाही. त्यानंतरही झाली नाही. आळीला आता बादल्या भरून ठेवाव्या लागत नाहीत. लोक हवं तेव्हा नळ सोडतात, हवं तेव्हा बंद करतात. मंदाताईंचे गुडघे थोडे बरे आहेत. वाघचौऱ्यांच्या घरचं पाणी मंदाताईंच्याच नळावरून येतं. वाघचौरे सकाळी दोन कळश्या घेऊन आळीच्या टोकापर्यंत जातात. हंडे पोचवल्याची फेड घ्यायला लागलात वाटतं, असं मंदाताई म्हणतात. एकदा कळशी भरता भरता त्या थांबल्या.

"नळ आहे हो भाऊ," त्या म्हणाल्या. "पण आला असं काही वाटत नाही."

पाटी काढायला नगरपरिषदेचा माणूस आला होता. तो शिडी लावून चढलाही. पण केंद्राकडे एक हाक अजून शिल्लक असल्याचा कागद त्याच्याच पिशवीत निघाला, म्हणून तो उतरला. पाटी आहे तिथेच आहे. दारासमोर वाहनं लावत नाहीत.

योजनेचा पूर्णत्वाचा दाखला मात्र अडला आहे. कासार आळीतल्या सगळ्या जोडण्या चालू झाल्याखेरीज तो मिळत नाही आणि एक जोडणी बंद आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय आहे. उपासनी मॅडमनी टिपणात लिहिलं आहे की नियमात मुदत नाही, ती घालायची झाल्यास सभेने घालावी. मागच्या आठवड्यात अत्तारभाभी त्यासाठी येऊन गेल्या. दारात उभं न राहता, सवयीने, त्या जरा बाजूला उभ्या राहिल्या. सभेत मुदतीच्या बाजूने हात वर करायची माझ्यावर वेळ आणू नका, असं त्या म्हणाल्या.

"उघडेन की," वाघचौरे म्हणाले. "पाणी आता कुठे जातंय?"

अत्तारभाभींनी आत पाहिलं. मोरीतली बादली घासूनपुसून ठेवलेली होती. ती नळाखाली नव्हती, वीतभर बाजूला होती. त्या निघाल्या आणि वाटेत मंदाताईंकडे चहाला थांबल्या.

सभा पुढल्या मंगळवारी आहे. वाघचौऱ्यांनी त्या दिवशीची पाळी बदलून घेतलेली नाही. रोज स्टँडवर जाण्यापूर्वी ते दाराशी वाकून पितळी कॉक फडक्याने पुसतात आणि बादली वीतभर बाजूला आहे ना, ते पाहतात. कॉक उघडायचा अजून राहिला आहे.