निळ्या स्क्रीनची खातेनिहाय चौकशी

अजिबात न चालणारी वस्तू माणूस टाकून देतो. पण थोडीशी चालणारी वस्तू त्याला कर्तव्यदक्ष बनवते. जगातली बरीचशी खाती याच तत्त्वावर उभी आहेत. आस्थापना शाखेतून निवृत्त झालेल्या एका अधीक्षकांच्या स्वयंपाकघरातला स्क्रीनही त्याला अपवाद नव्हता.

स्क्रीन साबणाच्या वडीएवढा, दोन ओळींचा. चार तारांनी तो एका छोट्या बोर्डाला जोडलेला, आणि बोर्डापासून एक लांबलचक वायर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सोडलेली. टाकीत पाणी आहे की नाही, हे स्क्रीनने खाली सांगायचं. योजनेचं उद्दिष्ट उदात्त होतं: अधीक्षकांच्या पत्नीचा गुडघा. तो पार कामातून गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना बंद करा, नाहीतर ऑपरेशनची तयारी ठेवा. आणि बाईंना तर सकाळ-संध्याकाळ टाकी बघायला गच्चीवर जावं लागे. अधीक्षकांनी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला, "आता तू वर जायचं नाहीस. मी बघतो." बायकोवर त्यांचा जीव होता, यात शंका नको. (मोटरचं बटणही गच्चीवरच होतं. वायरमनला बोलावून ते खाली आणून घ्या, असं बाईंनी सुचवलं होतं. सूचना चांगली होती, पण तीत शिकण्यासारखं काही नव्हतं.)

वीज जोडताच स्क्रीन झकास निळा उजळला. त्यावर अक्षर मात्र एकही नाही.

"छान दिसतोय हो," पत्नी म्हणाल्या. "पण म्हणतोय काय?"

"आत्ताच रुजू झालाय. जरा रुळू दे."

तो रुळला नाही. तेव्हा चौकशी सुरू झाली, आणि प्रचलित पद्धतीप्रमाणे संशय सर्वांत खालच्या कर्मचाऱ्यांवर आला, म्हणजे तारांवर. लाल आणि काळ्या तारेला समज देण्यात आली. पिवळी आणि हिरवी यांच्या आपसात बदल्या झाल्या, मग जनहितार्थ त्या बदल्या रद्द झाल्या. शेवटी चौघींना घरी पाठवून नव्या चार नेमल्या. स्क्रीन निळाच. (दरम्यान टाकी ओसंडून वाहू लागली होती, पत्नी वर जाऊन मोटर बंद करून आल्या.)

मग जावयाला फोन झाला. जावई संगणकाच्या नोकरीत असल्यामुळे त्याला सगळं येतं, असं घरात गृहीत धरलेलं होतं.

"बाबा, पत्ता तपासलात का?"

"कुणाचा?"

"स्क्रीनचा. प्रत्येक स्क्रीनला स्वतःचा एक नंबर असतो. बोर्डातल्या प्रोग्रॅममध्ये भलताच नंबर असेल तर निरोप पोचतच नाही."

हे अधीक्षकांना मनापासून पटलं. पत्ता बदलून कार्यालयाला न कळवणारे त्यांनी हयातभर पाहिले होते. त्यांनी पत्ता तपासला. तो तंतोतंत बरोबर निघाला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

राहता राहिला प्रोग्रॅम. तो इंटरनेटवरून उतरवलेला, म्हणजे बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेला. त्याला जाब कोण विचारणार? अधीक्षकांनी त्याला हात न लावता प्रकरण हौशी मंडळींच्या ऑनलाइन मंचावर पाठवलं. मंच अत्यंत तत्पर आहे. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी फोटो मागितला. फोटो टाकल्यावर उरलेल्या निम्म्यांनी तो उजेडात काढून पुन्हा मागितला. एकाने हा बोर्डच जुनाट असल्याचं कळवलं, आणि एका सज्जनाने आपलाही स्क्रीन असाच निळा असून आपण त्याच्याकडे दिवा म्हणून पाहायला शिकलो आहोत, असा दिलासा दिला. (त्या सुमारास पत्नी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत गच्चीवर जाऊ लागल्या होत्या. अधीक्षकांनी स्वतः जायला मुळीच ना नव्हती, पण मग स्क्रीनकडे कोण बघणार?)

मंचाच्या शिफारशीवरून दुसरा स्क्रीन मागवला. तोही निळा आणि मुका. मग तिसरा आला. तिघांची साक्ष अक्षरशः कोरी आणि एकसारखी निघाल्याने संगनमत सिद्ध झालं, आणि तिघांनाही बडतर्फ करण्याचा निर्णय झाला.

पहिला स्क्रीन भिंतीवरून उतरवायला अधीक्षकांनी चष्म्याचा बारका स्क्रू-ड्रायव्हर घेतला. स्क्रीनच्या पाठीमागे एक निळी ठोकळी आणि तिच्यात एक इवलासा स्क्रू होता. हाच धरून ठेवत असणार, असं समजून त्यांनी तो पिळला, आणि निळाईतून अक्षरं हळूहळू वर आली. तो स्क्रू अक्षरं गडद-फिकट करण्याचा होता. स्क्रीन पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होता, फक्त इतकं फिकट की कोणाला दिसू नये. आपण तीन निरपराधांना घरी बसवायला निघालो होतो, या जाणिवेने अधीक्षकांचे डोळे भरून आले.

"अगं, ये लवकर! दिसलं!"

(पत्नी जिन्यात मधल्या पायरीवर बसल्या होत्या. कठडा धरून उठल्या आणि खाली आल्या.)

"काय म्हणतोय?"

"टाकी रिकामी आहे म्हणतोय!"

"ते मला सकाळपासून माहितीय. मग?"

"मग काय! आता तुला बघायला वर जायची गरज नाही."

"आणि मोटर लावायला?"

मुद्दा रास्त होता, हे मान्य करण्याचा मोठेपणा अधीक्षकांच्यात होता. दोन स्क्रीन शिल्लकच होते. त्यातला एक दुसऱ्या टप्प्यात गच्चीवर बसवायचं तिथल्या तिथे ठरलं, म्हणजे मोटर लावायला वर गेलेल्या माणसाला आपण उगाच आलो नाही अशी खात्री पटेल. (पत्नी वर गेल्या.)

अक्षरं उमटली तेव्हा वाचकालाही हायसं वाटलं असेल. तारा झाल्या, पत्ता झाला, आता दोष कशात निघतो, हे त्याने मन लावून वाचलं, आणि मध्ये येणारे कंस भराभर ओलांडले. दुसऱ्या टप्प्यासाठी समिती नेमायची आहे. वाचकाने अर्ज करण्याची आवश्यकता नाही. त्याची निवड झालेली आहे.