तांबड्या-निळ्या घरातली पंगत

केजच्या नव्या वसाहतीत उत्तरेश्वरचं घर उभं राहिलं आणि गल्लीला विषय मिळाला. पांढऱ्या भिंतीवर कुठं तांबडा चौकोन, कुठं पिवळा, कुठं निळा, आणि मधून जाड काळ्या पट्ट्या. दारावर कमळ नाही, गच्चीवर मोर नाही.

मांडणी त्याच्या लेकीची. तेजश्री नुकतीच आर्किटेक्ट झालेली. हे तिचं पहिलं घर. "अण्णा, शंभर वर्षांमागं हॉलंडातल्या चित्रकारांनी ठरवलं, सरळ रेघा अन् तीन मूळ रंग, बस्स. त्यांची चित्रं बघून तशी घरं झाली. त्या शैलीला 'द स्टाइल' म्हणतात."

"हॉलंडात सोयरे नसतील," उत्तरेश्वर म्हणाला. उद्या वास्तुशांत होती, माजलगावचे पाहुणे यायचे होते, आणि शेजारच्या सुग्रीवनं कालच विचारलं होतं, "पेट्रोल पंप कवा चालू करतो? डिझेल ठिवणार ना?"

म्हणून तौसीफ पेंटर सकाळीच ते रंग झाकायला क्रीम रंगाचा डबा घेऊन आला. तेजश्री वरच्या खोलीत जाऊन खिडकी लावून बसली. ती लावलेली खिडकी बापाला सुग्रीवच्या बोलण्याहून जास्त लागली. पण लोकलाज आडवी आली.

तौसीफ शिडी लावतो तोच केळीवाली आमिनाबी आली. नातीला पायरीवर बसवलं, हातात वाटी दिली. "अल्मास, रोना नक्को. बाई खिचडी देती," म्हणाली आणि गाडा ढकलत गेलीसुद्धा.

झालं होतं असं, की अंगणवाडीची खोली गळायची. 'उद्यापासून नव्या जागेत या,' असं अंगणवाडीच्या सावित्रीबाईंनी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. कुठं, ते सांगायचं राहिलं. आता वसाहतीत अंगणवाडीसारखं एवढं रंगीबेरंगी दुसरं काय होतं? अल्मासला बसलेली बघून बाकीच्या आयांनीही आपापली लेकरं पायरीवर टेकवली. मग दिवस भरत आलेली शिवकन्या आली.

"सर, वजनकाटा कुठं ठिवलाय?"

"मी सर न्हाई, बाई."

"मदतनीस का? असू द्या," म्हणत ती सावलीला बसली.

"तौसीफ, तू रंग सुरू कर."

"खाली लेकरं हायत, काका. डोक्यावर थेंब पडला तर त्यांच्या आया मला सोलत्याल."

"मग हाकल की बे."

"घर तुमचं हाय. तुमीच हाकला."

उत्तरेश्वर हाकलायला पुढं झाला, तर सगळ्या वाट्या एकदम त्याच्याकडं वळल्या. स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोनं, छबुबाईनं ते पाहिलं. "रिकाम्या वाटीचं लेकरू दारातून माघारी धाडता का? अन् उद्या शांत करता व्हय वास्तूची?" तिनं पातेलं चढवलं. ढवळता ढवळता ओवी आपसूक ओठांवर आली,

"नव्या गं घरामंदी
बाई, आलं कोण कोण
बोबड्या गं बोलानं
माझं भरलं अंगण"

पोटं भरल्यावर अल्मासनं उत्तरेश्वरचं बोट धरून त्याला भिंतीपाशी नेलं.

"ये कंचा रंग?"

"तांबडा."

"ये?"

"पिवळा."

"अन् ये काला कावून मारला?"

उत्तरेश्वरनं काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. "तो बांध हाय, माय. तांबड्यानं पिवळ्याचं रान कोरू नये म्हणून. बांध असला की शेजार गोड राहतो."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. वर खिडकी किलकिली झाली.

तेवढ्यात सावित्रीबाई घामाघूम होऊन आल्या. "मागच्या गल्लीत सकाळपासून मी एकटी बसलेय, अन् माझी लेकरं हितं?" मग त्यांनी पायरीवर नजर फिरवली. "ही पोरं रोज गळा काढत्यात. आज गप कशी?"

"भिंत वाचायलीत," उत्तरेश्वर म्हणाला. "तौसीफ, डबा झाक."

"अन् पाहुणे, काका?"

"पाहुण्यांस्नी सांगू, हॉलंडचं हाय."

तेजश्री खाली आली होती. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लई उपकार झाले, माय. शांत आपण उद्या करणार होतो. ह्या लेकरांनी आजच करून टाकली."

दुसऱ्या दिवशी छबुबाईनं अख्खी अंगणवाडी जेवायला बोलावली. माजलगावचे सोयरे दारात आले, रंग पाहिले, पंगत पाहिली, आणि पाठमोरी वाढत असलेल्या छबुबाईला अदबीनं विचारलं, "बाई, उत्तरेश्वररावांचं घर कुठं आलं?"

"हेच की," ती मागं न वळता म्हणाली. "बसा जरा. आधी लेकरांचं होऊ द्या."